डिंक न धरणारं पान

वनस्पती संग्रहालयात तिला सगळे चिकटमावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच: दाबून वाळवलेली फांदी जाड कागदावर डिंकानं चिकटवायची, देठाला दोन टाके घालायचे, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी लावायची. नाव ठरवायचं काम साहेबांचं.

एकदा एका झुडपाचे सात नमुने आले. सातही चिठ्ठ्यांवर नाव एकच. सहा मुकाट्यानं चिकटले. सातव्याची पानं काही केल्या डिंक धरेनात. तिनं डिंक बदलला, वर वजन ठेवलं. सकाळी पानं पुन्हा सुटलेली. पानाच्या मागून बोट फिरवलं, तर मेणासारखं काहीतरी लागलं. बाकी सहांना ते नव्हतं.

"साहेब, हे पान डिंक धरत नाही."

"डिंक पातळ झाला असेल."

"मग बाकीचे सहा कसे चिकटले?"

"मावशी, झाड फुलावरून ओळखतात, डिंकावरून नाही." साहेबांनी मान वर केली नाही.

पण ते तिच्या डोक्यातून जाईना. घरी नवऱ्याच्या शर्टाला बटण लावताना तिनं बाहीचं तोंडच शिवून टाकलं.

"चित्त थाऱ्यावर आहे का तुझं?" नवऱ्यानं विचारलं. नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी साहेब बैठकीला गेले. सातव्या नमुन्याला तीनच फुलं होती. त्यातलं एक तिनं खुडलं, चहाच्या भांड्यात उकळून मऊ केलं आणि सुईनं उघडलं. साहेबांना असं करताना तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पुस्तकात चिठ्ठीवरच्या नावाखाली जे चित्र होतं, त्यात परागाच्या पिशव्या उभ्या चिरेनं उघडत होत्या. भिंगाखाली मात्र टोकाला नुसतं भोक दिसत होतं.

साहेब आल्या आल्या तिनं सांगून टाकलं.

"तीनच फुलं होती, मावशी! कुणाला विचारून केलंत?" साहेबांचा आवाज चढला.

तिनं भिंग पुढे केलं. "आधी बघा. मग हवं ते बोला."

साहेबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

खात्रीसाठी लागणारी ताजी फुलं आणि फळं हाती यायला दोन बहर गेले. सातवा नमुना ज्या डोंगरउतारावरून आला होता, तिथं पहिल्या वर्षी माणसं पोचली, तोवर फुलं झडून गेली होती. "काही कळलं का?" मावशी रोज सकाळी विचारायची. शेवटी ते झुडूप नवी जात म्हणून छापून आलं. लेखाखालच्या आभारांत मावशीचं नाव होतं. साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं.

"आता झालं ना समाधान?"

"झालं की," ती म्हणाली. पण तिला जुनी पानं आठवत होती. न चिकटणारी कितीतरी पानं तिनं दोऱ्यानं करकचून बांधून कपाटात लोटली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं किल्ल्या मागितल्या.

कपाटं एकोणीस, निवृत्तीला चार महिने. आतापर्यंत पाच झाली. दोन नमुन्यांबद्दल तिला शंका आहे. दोन्हींची फुलं गळून हरवली आहेत.