समुद्राकाठची मच्छरदाणी

रामेश्वरला निघताना ट्रंकेत मी आधी मच्छरदाणी घातली. तिच्यावर कडुलिंबाचा वाळवलेला पाला, करंजाच्या तेलाची बाटली आणि लेकीचे लांब बाह्यांचे झगे. बाकीचे कपडे मालकांनी भरले. ते दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वेचा फुकट पास दरवर्षी मिळायचा, पण सोलापूरच्या पुढं आम्ही तो कधी वापरला नव्हता.

त्या पावसाळ्यात आमचा मुलगा गेला होता. सात वर्षांचा. माझी आई आजारी म्हणून त्याला घेऊन मी माहेरी, वडगाव रासाईला गेले होते. घर भीमेच्या काठालाच. तिथं त्याला हुडहुडी भरून ताप आला, घाम येऊन उतरला, पुन्हा चढला. घरच्यांना वाटलं, हिवताप आहे, गोळ्यांनी जाईल. नदीला पाणी होतं, एसटी लांबून फिरून यायची. दौंडच्या दवाखान्यात पोचलो तोवर ताप डोक्यात गेला होता. तो मला ओळखत नव्हता.

त्यानंतर मी डासांच्याच मागं लागले. दिवस कलायच्या आत क्वार्टरची दारं-खिडक्या लावून घ्यायची, पाटीत निखारे घेऊन पाला टाकायची. धुरानं चार वर्षांची लेक खोकायची, तरी तिला बाहेर सोडत नसे. शेजारणींच्या दारातल्या बादल्यासुद्धा मी उपड्या करत होते. त्या बिचाऱ्या माझ्यासमोर आपली पोरं हाक मारून आत घ्यायच्या, एवढंच.

थंडीत मालकांनी रजा काढली. शेडमधला एकजण रामेश्वरला जाऊन आला होता, त्याच्याकडून त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं. गाडीत तेच ते लेकीला सांगत होते. समुद्रात डुंबायचं, शंख वेचायचे, होडीत बसायचं, वादळानं बुडवलेलं एक गाव आहे ते बघायचं. निघताना शेजारणीनं तीर्थ आणायला सांगितलं होतं. आम्ही बौद्ध, आमचं देवळात काही काम नव्हतं. मालक म्हणाले, आम्ही नुसता समुद्र बघायला चाललोय. तिला ते खरं वाटलं नाही.

मद्रासला गाडी बदलली. पुढं समुद्रावरचा पूल आला तेव्हा गाडी बैलगाडीसारखी हळू झाली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. मालकांनी लेकीला खिडकीशी उभं केलं आणि माझ्याकडं वळून बघितलं. मी बघत होते ते डब्याच्या छताकडं. दिव्यापाशी दोन डास बसले होते.

कोळ्यांच्या वस्तीजवळ खोली मिळाली. वर झावळ्यांचं छप्पर, खाली वाळू. आमच्याकडं कुडकुडायचे दिवस, आणि तिथं अंगाला घाम. खोलीवाल्या बाईची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. तिचं तान्हं बाळ दारात फडक्यावर उघडंच झोपायचं. मी तेलाची बाटली नेऊन त्याच्या पायांना तेल चोळलं. बाई हसली आणि मला खोबऱ्याचा तुकडा दिला. काय सांगायचं होतं ते मला खुणेनं सांगता आलं नाही.

मालक सकाळी लेकीला घेऊन जायचे आणि ऊन चढायच्या आत परत आणायचे, कारण मी तसं बजावलं होतं. मी खोलीत मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचत बसायची. ते बुडालेलं गाव बघायला चल म्हणाले, मी नाही म्हटलं. होडीलाही नाही म्हटलं. ते एकदाही रागावले नाहीत.

पुढं एका संध्याकाळी मी धूर करत होते आणि दोघं खोलीत नव्हते. मी किनाऱ्याकडं गेले. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. मालक गुडघाभर पाण्यात उभे होते आणि लेक त्यांच्या खांद्यावर बसून ओरडत होती. बाह्या नाहीत, पाय उघडे, झगा भिजलेला. इतक्या महिन्यांत तिला इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं. पण मला दिसल्या त्या तिच्या पोटऱ्या. वाळूतल्या चिलटांनी चावून लाल गांधी उठवल्या होत्या.

मी तिला ओढून घेतलं, पदरात गुंडाळलं.

"एक गेला," मी म्हणाले. "आता हिलाबी इथं ठिवून जायचं का?"

ते पाण्यातून बाहेर आले, होडीला टेकले.

"त्यो माझाबी व्हता," ते म्हणाले. "तू धूर करत बसतीस. मी कुठं जाऊ?"

मुलगा गेल्यापासून त्याच्याबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. दौंडला ते शेडमध्ये दुप्पट पाळ्या करायचे, घरी येऊन जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. त्यांचं काय चाललंय हे मी विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही. लेक रडायला लागली होती. तिला उचलून मी खोलीवर आले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच होडीतून जाऊन आले. त्यानंतरच्या दिवशी आम्ही परतीची गाडी धरली. रजा अजून शिल्लक होती.

घरी आल्यावर मी दिवसातून कितीदा तरी लेकीच्या कपाळाला हात लावायची. हिवतापवाले क्वार्टरमध्ये आले तेव्हा तिचं रक्त काचेवर घ्यायला लावलं. त्यात काही निघालं नाही. तिला ताप आला नाही, पोटऱ्यांवरचे डागही गेले. मला वाटलं होतं, आता जीव भांड्यात पडेल. तसं झालं नाही.

पास पुढंही दरवर्षी येत राहिला. मालकांनी मला कुठं चलतेस का म्हणून विचारलं नाही.

लेक आता वरवंडला नांदते. समुद्राचं ती अजून पोरांना सांगते. पप्पांच्या खांद्यावरून लाटा कशा दिसायच्या, पाणी कसं कोमट होतं. मी तिथं होते हे तिच्या सांगण्यात कुठंच येत नाही. मालक असेपर्यंत ते शेजारी बसून ऐकायचे, मान हलवायचे.