कासममामांचा कान आणि पीटरसाहेबांची गिटार

रेल्वेत नोकरी केली की दोन गोष्टी अंगाला चिकटतात, कोळशाची काजळी आणि किस्से. काजळी साबणानं थोडीफार निघते. किस्से मात्र चौघं जमले की आपोआप बाहेर पडतात! मी मूळचा केंदूरचा, शिरूर तालुक्यातला. दौंड स्टेशनावर डबे तपासणीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो आणि दौंडचाच होऊन गेलो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमची चौघांची रविवारी सकाळी बैठक असायची. पत्ते नाहीत, भजन नाही. आम्ही गिटार ऐकायचो! घरी खरं सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही.

बैठक भरायची पीटरसाहेबांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात. पीटरसाहेब अँग्लो-इंडियन, मेलगाडीचे ड्रायव्हर, जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीतलाच. स्वतः गिटार वाजवायचे. त्यांचा भाऊ बोटीवर होता, तो परदेशातून रेकॉर्डी आणायचा. जॅझ आणि ब्लूज, आणि तेही नुसतं वाजवण्याचं.

पहिल्या रविवारी खुटबावचे आप्पा आले होते. आप्पा मोठे बागायतदार, कॉलनीत त्यांचं दूध यायचं, त्या ओळखीनं आले. साहेबांनी ग्रामोफोनला चावी दिली, गिटार सुरू झाली. आप्पा मांडी घालून गाणाऱ्याची वाट बघत बसले. एक बाजू संपली, दुसरी लावली, तीही संपली.

आप्पांनी हळूच विचारलं, "साहेब, गाणाऱ्याची गाडी लेट हाय का?"

*

ब्लूज म्हणजे काय, हे साहेबांनी आम्हाला एकदा नीट समजावून सांगितलं. शेतात राबराब राबणाऱ्या, गांजलेल्या माणसांनी आपलं दुःख असं वाजवलं, वगैरे. आम्ही गंभीर चेहरे करून ऐकत होतो. रेकॉर्ड लागली. थोड्या वेळानं आप्पा स्वतःच्याच पायाकडे संशयानं बघायला लागले.

"साहेब, दुःखाचं हाय म्हंता, तर माझा पाय कशापायी हालतोय?"

साहेबांनी उठून आप्पांचा हात हातात घेतला. "आप्पा, तुम्हाला ब्लूज कळला!"

*

जॅझमध्ये वाजवणारा मूळ चाल सोडून मनानं लांब भटकून येतो. हे आम्हाला कुठलं ठाऊक? गिटारवाला चाल सोडून निघाला तसे आप्पा कासावीस झाले.

"इसरला गडी! चाल इसरला!"

"श्श! ऐका," साहेब म्हणाले.

गिटार इकडे गेली, तिकडे गेली, आणि शेवटी बरोबर मूळ जागी आली. आप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "गावली बाबा वाट! पर काय बी म्हणा, इसरला तरी हात थांबवला न्हाई पठ्ठ्यानं."

*

आता कासममामा. आमच्या बैठकीतले चौथे आणि सगळ्यात वडील. दौंडातलं त्यांचं मुसलमान घराणं तीन पिढ्या रेल्वेत. मामांचं काम चाकं वाजवून बघण्याचं. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते प्रत्येक चाकावर टोला द्यायचे. चांगलं चाक घंटेसारखं घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. शेवटचं चाक झालं की मामा हात वर करायचे. तो हात दिसेपर्यंत पीटरसाहेब इंजिनाला हात लावायचे नाहीत, मग स्टेशनमास्तर कितीही ओरडो!

एका रेकॉर्डीत गिटारवाल्यानं तार ओढून सूर असा काही वाकवला, की मामा ताडकन उभेच राहिले.

"साहेब, बंद करा! तडा हाय ह्याच्यात!"

"तडा नाही मामा, तो मुद्दाम वाकवतो."

"मुद्दाम?" मामांना ते पटेना. "आमच्याकडं असा आवाज आला तर डबा गाडीपासनं तोडून रिपेरीला धाडत्यात, आन् तुम्ही वा म्हंता!"

*

आप्पांना एकदा इंजिन बघायचं होतं, म्हणून साहेबांनी त्यांना शेडमध्ये नेलं, मीही बरोबर गेलो. तिथं एक फिटर लाकडी दांडा दातात धरून, त्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकवून डोळे मिटून उभा होता. इंजिनाच्या पोटातला बारीक आवाज कानाला कळत नाही, तो असा दातांतून डोक्यात येतो. फिटरांची ही जुनी युक्ती.

आप्पा दोन मिनिटं बघत राहिले. मग मला म्हणाले, "रेल्वेवाल्यांना दात घासायला बी इंजिन लागतंय व्हय?"

*

आमची एक लाडकी रेकॉर्ड होती. संथ ब्लूज. शेवटी गिटारवाला सगळ्यात बारीक तार छेडतो आणि सोडून देतो. तो सूर विरत विरत कितीतरी वेळ जातो. तो संपला की आम्ही एकदम "वा!" म्हणायचो. मामा मात्र दर वेळी आधीच म्हणायचे, सूर अर्ध्यावर असताना!

"मामा, दम धरा की!" आप्पा चिडवायचे. आम्ही हसायचो, मामाही हसायचे.

एका रविवारी मामा हसले नाहीत. "संपलं न्हाई?"

"चालू हाय की अजून!"

"परत लावा."

साहेबांनी तीनदा लावली. तिन्ही वेळा मामा आमच्या तोंडाकडे बघत होते. मग टोपी घालून घरी गेले. आम्हा तिघांनाही कळलं होतं.

*

सोमवारी सकाळी मामांनी माझ्या टेबलावर हातोडी ठेवली. "भाऊसाहेब, अर्ज लिवा. बारीक आवाज ऐकू येईना. चाकाचं काम काढून घ्यावं."

मी खालच्या आवाजात म्हटलं, "मामा, तीन वर्षांत पेन्शन आहे. बोललेलं सगळं ऐकू येतंय तुम्हाला. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की. गाडीत माणसं असत्यात."

आमच्या वरच्या साहेबांनाही अर्ज वाचून आश्चर्य वाटलं. "पण तुमच्याविरुद्ध तक्रार कुठे आहे?"

"तक्रार आल्यावं उशीर झालेला असतोय, साहेब," मामा म्हणाले.

तीस वर्षं त्या हातोडीवर मामांचा सगळा मान होता. तो अर्ज टाइप करताना माझ्या तीन चुका झाल्या. डोळ्यांत पाणी आलं की अक्षरं दिसत नाहीत, त्याला काय करणार!

*

मामांना वेटिंग रूमच्या दारावर ड्युटी मिळाली. चाकांसाठी नवा माणूस आला. मामांनी रविवारी येणं सोडलं. बोलवायला गेलो तर म्हणाले, "यून काय करू? तुमची तोंडं बघू?"

तीन रविवार असेच गेले. रेकॉर्ड लागायची, शेवटचा सूर यायचा आणि मध्येच "वा!" म्हणणारं कुणी नसायचं. आम्हीही मग म्हणेनासे झालो.

चौथ्या रविवारी पीटरसाहेबांनी गिटार पाठीला लावली. "चला, मामांकडे."

मामा अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठले, चहा सांगितला, पण गिटारीकडे बघेनात. साहेबांनी इकडे तिकडे नजर टाकली. भिंतीला हातोडीचा एक जुना दांडा टेकवून ठेवला होता. हातोडी रेल्वेची, ती जमा झाली होती. झिजून बदललेला हा दांडा मामांनी घरी जपून ठेवला होता. साहेबांनी तो उचलला, बाजेवर मामांच्या शेजारी बसले, दांड्याचं एक टोक गिटारीच्या लाकडावर टेकवलं आणि दुसरं मामांच्या पुढे धरलं.

"दात घासायचेत व्हय?" आप्पा हळूच म्हणाले.

मामांनी दांडा दातात धरला. डोळे मिटले.

साहेबांनी तोच संथ ब्लूज वाजवला, सावकाश, एकही सूर न गाळता. शेवटची बारीक तार छेडली आणि सोडून दिली. सूर बारीक होत गेला, आणखी बारीक झाला, संपला. आप्पा आणि मी एकदमच म्हणालो, "वा!"

"श्श!" साहेब म्हणाले. ते तारेकडे बघत नव्हते, मामांकडे बघत होते. "मामांचा हात अजून वर नाही झाला."

आम्ही कान टवकारले. आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मामांचे डोळे मिटलेले होते आणि दांडा दातात घट्ट होता.

मग मामांनी हात वर केला.