लाल चिमटा

"अगं, चिमटा कपडे दोरीवर असताना लावतात, अंगावर असताना नव्हे!" सासूबाई हसल्या आणि पानाताईच्या हातातला घास हातातच राहिला. तिने कॉलर चाचपली. लाल चिमटा तिथेच होता.

पानाताई हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, काहीही बिघडलं की ही पाना घेऊन दारात हजर. कुठल्या कंपनीची नोकरी नाही, डोक्यावर साहेब नाही. स्वतःची स्कूटर, स्वतःची पिशवी. "बाईमाणसाला हे जमणार का?" असं तोंडावर विचारणारेच अकरा वर्षांत "ताईंनाच बोलवा" म्हणायला लागले होते. ते नाव काही सुखासुखी मिळालं नव्हतं.

चिमट्याचा नियम तिने स्वतःच घातलेला. गिझर तपासताना कधीकधी तो 'डायरेक्ट' करावा लागतो. म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट वगळायचा आणि वायरच्या तुकड्याने वीज थेट जोडायची, तपासणीपुरती. वायर लावली की चिमटा कॉलरला, वायर काढली की चिमटा पिशवीत. आज सकाळी तिने एकच गिझर डायरेक्ट केला होता, निवृत्त ग्रंथपालांच्या घरचा. नवा थर्मोस्टॅट बसवला, झाकण लावलं, हात धुतले आणि निघाली. वायर आतच राहिली. चिमटा इतका अंगवळणी पडला होता की गळ्याशी असून तिला जाणवलाच नाही.

आता तो गिझर एकदा चालू केला की थांबणार नव्हता. वाफ सोडणारा व्हॉल्व्ह क्षाराने बुजलेला, तो बदला म्हटल्यावर ग्रंथपाल म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात बघू." आणि त्यांची बायको दुखरे गुडघे शेकायला रोज दोन वाजता न्हाणीघरात जायची. घड्याळात पावणेदोन झाले होते.

तिने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा नुसताच वाजला. उष्ट्या हातानेच तिने स्कूटरला किक मारली.

सिग्नलला थांबल्यावर तिने स्वतःला मोठ्याने शिव्या घातल्या. शेजारचा रिक्षावाला बघतच राहिला. टाकी फुटली तर त्या बाईचं काय होईल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. आणि आपल्या नावाचं काय होईल, हाही विचार सोबत येत होता, त्याची तिला लाज वाटत होती.

दार ग्रंथपालांनी उघडलं. "काही विसरलात का?"

न्हाणीघराचं दार बंद होतं. आतून खदखद ऐकू येत होती.

"काकू, बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, नळ तरी सोडू दे..."

"नळाला हात लावू नका, उकळती वाफ येईल!" पानाताईने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

काकू टॉवेल गुंडाळून, चिडून बाहेर आल्या. खदखद हळूहळू कमी होत गेली.

"देवासारख्या धावून आलात!" ग्रंथपालांनी हात जोडले. "नवा पार्टच खराब निघाला ना? हल्ली मालच तसला येतो."

आयतं वाढलेलं ताट होतं ते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण काकू भिंतीला धरून थरथरत उभ्या होत्या.

"माल चांगला आहे, काका. चूक माझी आहे. तपासणीची वायर काढायला विसरले." टाकी गार झाल्यावर तिने झाकण उघडलं, वायर काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी तो तुकडा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "निघा तुम्ही आता."

त्या इमारतीत सोळा घरं. एकाही घरातून तिला पुन्हा फोन आला नाही. तिने त्यांना नावं ठेवली नाहीत. त्यांच्या जागी तिनेही हेच केलं असतं.

पानाताई अजून काम करते. गिझर डायरेक्ट केला की चिमटा मात्र आता कॉलरला नाही, नाकाला लावते. पोरं खिदळतात, थोरांनाही हसू आवरत नाही. परवा एका आजोबांनी विचारलं, "दुखत नाही का हो?"

"दुखतं ना," ती नाकातून म्हणाली आणि वायर काढायला वळली.