हात वर करून ठरवलेलं खरं

ती घटना आठवली की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं तापतं. चोर-दरोडेखोरांनी मला कधी एवढं चिडवलं नाही, जेवढं त्या शिकल्यासवरलेल्या मंडळींनी चिडवलं.

मी तेव्हा बंगळुरूत, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. दुपारी इस्पितळातून फोन आला. कॉलेजातल्या एका मुलीच्या उजव्या खांद्यात गोळी लागली होती. सोबतचे लोक 'किरकोळ अपघात' म्हणत होते, पण डॉक्टरांना त्यांची घाई खटकली. मी हवालदाराला घेऊन निघालो.

मुलगी एका नेमबाजी क्लबची सभासद. बाप कारखान्यात लेथवर. क्लब सभासदांनीच चालवलेला, कमिटी त्यांची आणि नियमावलीही त्यांचीच. त्यात दोन नियम ठळक अक्षरांत छापलेले: पुढे निशाणापाशी माणूस असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही, आणि धोका दिसला तर कोणीही ओरडून सगळ्यांना थांबवायचं. नियमांत काही खोट नव्हती.

गोळी अध्यक्षांच्या हातून सुटली हे कोणीच नाकारलं नाही. म्हणणं एवढंच, की गोळीबार चालू असताना मुलगी परवानगीशिवाय पुढे धावली. चूक तिची. दुसऱ्याच दिवशी तिला क्लबातून काढूनही टाकलं! पट्ट्या बांधलेली ती पोर मला म्हणाली, "सर, खांद्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मी नियम मोडला नाही, तेवढं लिहा."

जबाब घेतले. एकानं कन्नडमध्ये सांगितलं, एकानं हिंदीत, दोघांनी इंग्रजीत: 'गोळीबार चालू होता, मुलगी अचानक धावली, कोणालाही ओरडायला वेळ मिळाला नाही.' भाषा तीन, वाक्य एकच. डोळ्यांनी पाहिलेलं प्रत्येक जण वेगळं सांगतो. सारखं सांगतात ते पाठ केलेलं. मी पुन्हा मुलीकडे गेलो.

"सर, तो तांबा कोण?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. "गोळी लागायच्या आधी मागून कोणीतरी 'तांबा, तांबा' असं ओरडत होतं. त्या नावाचा आमच्यात कोणी नाही."

मी निपाणीकडचा. मराठी माझी घरचीच. अगं पोरी, ते नाव नव्हे, कोणीतरी 'थांबा' म्हणत होतं!

क्लबात मराठी माणूस एकच, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले पुण्याचे एक इंजिनिअर. त्यांना ठाण्यात बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत नियमावली.

"काका, 'थांबा' असं तुम्ही ओरडलात?"

"साहेब, त्यावर सभा झाली आहे."

"कशावर?"

"कोणी ओरडलं की नाही, यावर. कोणी ओरडलं नाही, असं बहुमतानं ठरलं. मी विरोधात हात वर केला होता. मी एकटाच. पण सभेचा ठराव सगळ्या सभासदांवर बंधनकारक असतो, तसा नियमच आहे. आता मला वेगळं बोलता येत नाही."

मी ताडकन उठलो. "अहो, गळा तुमचा, ओरडलात तुम्ही, आणि ओरडलात की नाही हे ते हात वर करून ठरवणार? उद्या तुम्ही मेलात असा ठराव झाला तर सरणावर जाऊन निजाल का?"

"सर, स्वल्प पाणी प्या," हवालदार त्याच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत हळूच म्हणाला.

काकांनी काखेतली नियमावली मेजावर ठेवली. मग बोलले. "सगळ्या बंदुका खाली ठेवल्या होत्या. ती विचारूनच पुढे गेली. तेवढ्यात अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले आणि ऐट दाखवायला मेजावरची रायफल उचलली. ती भरलेली राहिली होती. मी ओरडलो, साहेब. घाबरल्यावर इंग्रजी कुठलं सुचतंय?"

जबाबावर सही करताना त्यांनी विचारलं, "माझं सभासदत्व जाईल का हो?" माझ्या तोंडात आलेलं उत्तर ठाण्यात लिहून ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून गिळलं.

काका बोलले म्हटल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. रायफल जप्त केली, अध्यक्षांवर गुन्हा दाखल केला. क्लबानं मुलीची हकालपट्टी मागे घेतली, तीही हात वर करून, एकमतानं! आहे का काही लाज?

गुन्हेगार खोटं बोलतो तेव्हा ते खोटं आहे हे त्याला ठाऊक असतं. या सभ्य माणसांनी खोट्यावर मतदान घेतलं आणि ते खरं झालं असं समजून निवांत घरी जाऊन जेवले. आणि ज्यानं ओरडून तिला वाचवायला पाहिलं, तो नियमाचं पुस्तक काखेत मारून मुका झाला. माझा खरा राग त्याच्यावरच आहे.

आता मी इंदिरानगरात राहतो. अपार्टमेंटच्या सभेत कोणी "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा" म्हणालं, की मी आधी विचारतो, नक्की कशावर? लोक म्हणतात, म्हातारा खवट आहे. म्हणू देत. त्या मुलीचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.