वाजवून न पाहिलेलं मडकं

मी पाण्याला भिते. विहिरीतसुद्धा वाकून पाहत नाही. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची बाई आणि पाण्याला भिते, म्हणून लोक हसतात. हसोत मेले! पण स्वप्नात मी तिरोड्याकडच्या आमच्या मालगुजार जमीनदाराच्या तलावात गळ्याएवढ्या पाण्यात उभी असते, आणि मला कणभरही भीती वाटत नाही.

त्या तलावात बाबा शिंगाडे काढायचे. दोन मडकी उपडी करून बांबूला बांधायची, त्या बांबूवर बसायचं आणि वेलींमधून तरंगत जायचं. बांधण्याआधी मडकी बोटानं वाजवून पाहायचं काम माझं. खणखणलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर गेलेली.

त्या सकाळी मी फुगून बसले होते. मंडईच्या जत्रेत बाबांनी मला बांगड्या घेऊन दिल्या नव्हत्या ना!

"वाजवून पाह्यलं का वो, पोरी?"

"हो," मी म्हटलं. हातसुद्धा लावला नव्हता.

तलावाच्या मध्यावर एक मडकं भरलं. बाबा पट्टीचे पोहणारे, पण वेलींनी पाय धरले. मी काठावरून नुसती ओरडत राहिले.

महिन्याभरात ते स्वप्न सुरू झालं. आमच्यात मानतात, पाण्यात गेलेला माणूस नाराज असला की स्वप्नात येऊन भेव घालतो. मग घरच्यांनी त्या पाण्यात उतरायचं नाही. आणि न उतरून आम्ही खायचं काय? म्हणून माय रोज सकाळी विचारायची.

"बाबा दिसला का? भेव वाटला का तुले?"

"दिसले. पण भेव नाही वाटला."

"मंग नाराज नाही वो तो!" माय हसली आणि हसता हसता रडली.

पुढच्या हंगामात माय तलावात उतरली. मी बोटं सोलवटेपर्यंत मडकी वाजवायची. माय दर वेळी परत आली.

पण तिला मी स्वप्न अर्धंच सांगितलं होतं. स्वप्नात बाबा मडकी घेऊन माझ्याजवळ येतात आणि विचारतात, "वाजवून पाह्यलं का वो, पोरी?" मी "हो" म्हणते. ते मान डोलावतात, बांबूवर बसतात आणि वेलींमध्ये निघून जातात.

नाराज कसे असतील? त्यांना ठाऊकच नाही. माय गेली, माझे केस पिकले. देवा, एकदा तरी मला त्या स्वप्नात भीती वाटू दे. बाबा अजून येतात, अजून विचारतात, आणि मी अजून "हो" म्हणते.