हिरव्या खुणांचं प्राग

आमच्या इथे, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत, मराठी मंडळींमध्ये युरोपला जायचं ठरलं की कुणी पुस्तक विकत घेत नाही. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘प्रागची एक्सेल आहे का कुणाकडे?’ आणि तासाभरात फाइल हजर होते. दिवस, वेळ, ठिकाण, शेरा, सगळं रकान्यांत. प्रागसाठी गेली दोन वर्षं जी फाइल फिरतेय, ती माझी. ती घेऊन चार कुटुंबं जाऊन आली आणि प्रत्येकानं ‘फाइल एकदम परफेक्ट’ असं सांगितलं. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. आता थोडी शंका येते.

कारण ती फाइल मी जायच्या आधी केली होती. तीन आठवडे खपून, तीन दिवसांत सत्तावीस ठिकाणं बसवली होती. परत आल्यावर मी एवढंच केलं, की प्रत्येक ओळीपुढे बरोबरची हिरवी खूण टाकली. जुन्या चौकातल्या मनोऱ्यापुढे तर शेराही लिहिला: ‘पायऱ्या बऱ्याच आहेत, पण सहज जमतं. चुकवू नये.’

यंदाच्या एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी काका-काकू आमच्याकडे आले. नात्यातले नाहीत, पण आम्ही मिनेसोटात नवीन होतो तेव्हा पहिल्या थंडीचे कोट त्यांनीच दिले होते. काका निवृत्त इंजिनिअर. काकू भूल देणाऱ्या डॉक्टर. आयुष्यभर ऑपरेशनच्या आधी ‘सकाळपासून काही खाल्लं नाही ना?’ विचारायचं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, हे त्यांचं काम. प्रागला जायचं त्यांचं फार जुनं ठरलेलं. आधी काकूंच्या ड्यूट्या आडव्या आल्या, मग मुलांची कॉलेजं, मग काकांचा गुडघा. गुडघा गेल्या वर्षी बदलून झाला आणि जूनची तिकिटं काढली.

काकूंच्या हातात माझी फाइल होती. छापलेली.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “आम्ही कॅन्सल करतोय. मंगळवारपर्यंत करता येतं.”

“का हो काकू?”

“तूच सांग. दिवसाला नऊ ठिकाणं! सकाळी साडेआठला किल्ला, साडेदहाला पूल, सव्वाअकराला मनोरा. यांना घेऊन मी कशी करणार?”

“अगं, यानं केलं, म्हणजे सगळेच करतात,” काका म्हणाले. ते हसले, पण गुडघ्यावरून हात फिरवत होते. “आपण त्यातलं निम्मं करायचं आणि हॉटेलात बसायचं, तर मग जायचंच कशाला? उशीर झाला आपल्याला, एवढंच.”

माझी बायको ओट्यापाशी पोहे परतत होती. तिनं गॅस बंद केला.

“तू सांगतोस, की मी सांगू?”

मी म्हटलं, पोहे होऊ देत आधी. तर म्हणाली, “पोहे झालेत.”

मग मी सांगितलं. पहिल्या दिवशी आम्ही झोपेतून उठलो तेच दुपारी एक वाजता. त्या गावात सगळीकडे दगडी चौकोन बसवलेले रस्ते, आणि बायकोचे बूट नवे. दोन चौकांत तिच्या टाचा सोलवटल्या. किल्ला आम्ही ट्राममधून पाहिला, छान दिसतो. मनोऱ्याच्या पायऱ्या मी साठेक चढलो. मग एका खिडकीच्या कोनाड्यात ‘व्ह्यू बघतोय’ असं दाखवत दम खात बसलो. मागून एक शाळेची सहल आली. त्यातल्या बाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, भाषा कळली नाही, कीव मात्र कळली. मी खाली उतरलो.

“मग तीन दिवस केलंत काय?” काकांनी विचारलं.

“नदीत एक बेट आहे. तिथं झाडाखाली बाक आहे. बेकरीतून पाव घ्यायचे आणि तिथं बसायचं. समोर पायडलच्या होड्या, हंस, पलीकडे तो जुना पूल. दोन दुपारी तिथंच गेल्या.”

“तीन,” बायको म्हणाली.

“आणि हे?” काकूंनी हिरव्या खुणांवर पेन्सिल टेकवली.

“ते... घरी येऊन.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. ऑपरेशनच्या टेबलावर झोपून, सकाळी दोन इडल्या खाल्ल्याचं कबूल केल्यासारखं मला वाटलं.

“मूर्ख आहेस,” त्या शांतपणे म्हणाल्या. “अरे, चार दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. हे रात्रीचे जिन्याच्या चढउताराची प्रॅक्टिस करत होते.”

काका खिडकीबाहेर बघायला लागले. मला पहिल्यांदा खरी लाज वाटली.

“सॉरी, काका.”

“त्या बाकाला पाठ टेकायला होतं का?” काका तिकडेच बघत म्हणाले.

मला आठवेना. ‘होतं की!’ जिभेवर आलंच होतं, पण काकू समोर होत्या. “आठवत नाही,” मी म्हटलं.

“होतं,” बायको पोह्यांच्या बश्या ठेवत म्हणाली. “हा त्यावर मान टाकून पाऊण तास घोरत होता. एका बाईंनी याचा फोटोही काढला.”

काका मोठ्यांदा हसले. काकूंनी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर, डॉक्टर असूनही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: ‘पहिला दिवस – बाक.’

“दुसऱ्या दिवशी?” काकांनी विचारलं.

“ते तिथं बसून ठरवू,” काकू म्हणाल्या आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागल्या.