सात नंबरचा शिक्का

अंबुजाबाई डोळे मिटून माल तपासायच्या. अंबत्तूरच्या कारखान्यात रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कारखाना मोटारींच्या ब्रेकसाठी पिना बनवणारा. माल जाणार श्रीपेरुंबुदूरच्या बड्या कंपन्यांकडे. आणि शेवटच्या तपासणीच्या टेबलावर सुती साडी नेसलेली, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घातलेली एक बाई डोळे मिटून पिनेवरून अंगठ्याचं नख फिरवते आहे! मी साताऱ्याची. मनातलं मनात ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही.

"अगं बाई, हिला झोप लागली की काय!" मी मराठीत पुटपुटले. चेन्नईत कोणाच्या बापाला कळणार आहे?

बाईंनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "झोंप नाहीं गे. डोळे उघडे असले कीं नख ऐकत नाहीं."

मी चाटच पडले. मराठी होतं, पण जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखं, आणि चाल मात्र पक्की तमिळ, वाक्याच्या शेवटी हेल काढणारी. "आम्ही तंजावरचे," त्या म्हणाल्या. "तीनशें वर्षें झालीं इकडे येऊन. घरांत मराठी, दारांत तमिळ. तूं कालची आलेली, तुझी मराठी हिंदीसारखी वाजते." पहिल्याच दिवशी ही सलामी. वर हातातली पिन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मोज."

मी मायक्रोमीटर लावला. माप बरोबर. गेज लावलं. बरोबर. "चांगली आहे की," मी म्हटलं. त्यांनी माझा अंगठा धरून त्या पिनेच्या खाचेवरून फिरवला, आणि नखाला बारीकसं काहीतरी अडलं. धातूचं कुसळ. डोळ्यांना दिसत नव्हतं, यंत्राला कळत नव्हतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी कुठे घालवली होती कोण जाणे.

अंबुजाबाई अकरावीपर्यंत शिकलेल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा पॅकिंगमध्ये लागल्या आणि तिथून तपासणीच्या टेबलावर आल्या. प्रत्येक तपासनिसाला कंपनी एक नंबराचा शिक्का देते. माल पास झाला की खोक्याच्या चिठ्ठीवर तो शिक्का मारायचा. बाईंचा नंबर सात. हाताखालच्या मुलींना त्या सांगायच्या, "शिक्का म्हणजे सही नव्हे, शब्द. सही विसरतां येते." मी हुद्द्याने त्यांच्या वरची, पण इंजिनिअरांना शिक्का नसतो. ते मला तेव्हा जरा खुपायचंच.

आमच्या विभागाचं वर्ष डिसेंबरात संपत नसे. "जानेवारीचें वर्ष कॅलेंडरवाल्यांचें," बाई म्हणायच्या, "हत्यारांचें वर्ष आयुधपूजेला संपतें." आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी अंबत्तूरच्या गल्लीगल्लीत यंत्रं धुऊन पुसून चंदन-कुंकू लावून सजतात, दाराशी केळीचे खांब बांधतात, उंबऱ्यात कोहळा फोडतात, चुरमुरे-फुटाणे वाटतात. ते सगळीकडेच. आमच्याकडे मात्र बाईंनी घालून दिलेली एक जास्तीची चाल होती. पांढऱ्या कापडावर प्रत्येकीने आपलं हत्यार ठेवायचं आणि त्याच्या शेजारी एक तुकडा ठेवायचा. वर्षभरात आपल्या हातून चुकून पास झालेला, गिऱ्हाइकाकडून परत आलेला. तो सगळ्यांना दाखवून म्हणायचं, "हा माझा." मग पुढच्या वर्षी हाताला काय नवं शिकवायचं आहे, ते सांगायचं. बस्स, एवढंच. बाई त्या तुकड्याला कुंकू लावायच्या आणि प्रत्येकीला एकच आशीर्वाद द्यायच्या, "सरि. पुढल्या वर्षीं नवी चूक कर." सरि म्हणजे बरं, ठीक. जुनी चूक मात्र परत करायची नाही.

पहिल्या वर्षी मला हे सगळं खुळचटपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी मी एक किरकोळ तुकडा ठेवून वेळ मारून नेली. तिसऱ्या वर्षी माझी पाळी खऱ्या अर्थाने आली.

त्या वर्षी ऑगस्टातल्या एका दुपारी बाई माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोन तासांची परमिशन घेतली आहे. कोणी विचारिलें तर बँकेंत गेली म्हण. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातें आहें. उजव्या डोळ्यापुढें धूर दिसतो." दोन तासांच्या परमिशनची हजेरीपटात नोंद होत नाही. म्हणजे ही गोष्ट फक्त मला ठाऊक.

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात श्रीपेरुंबुदूरला जाणारा ट्रक दारात येऊन उभा राहिला. एक लॉट टेबलावर तसाच पडलेला. मॅनेजर वेंकटेशन दर पाच मिनिटांनी येऊन ओरडून जात होते. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "ट्रकाला चाकें आहेत, थांबतां येतें." पण बाई नव्हत्या, मी होते, आणि माझी बढती तोंडावर आली होती. मी पाच-सहा पिनांना गेज लावलं. नख लावलं नाही. बाईंचा खण उघडला, सात नंबरचा शिक्का काढला आणि धडाधड मारून मोकळी झाले. ट्रक गेला. चार वाजता बाई परत आल्या. त्यांच्या डोळ्यात औषध घातलेलं होतं, त्यांना काही धड दिसतच नव्हतं. मी काही बोलले नाही. म्हटलं, एवढं काय त्यात?

तीन आठवड्यांनी तो लॉट परत आला. खाचेत कुसळं. चिठ्ठीवर सात नंबर.

वेंकटेशन सगळ्यांसमोर म्हणाले, "अंबुजाम्मांचे डोळे गेले. पूजा झाली की त्यांना स्टोअरमध्ये बसवू. चिठ्ठ्या लिहितील." रिटायर व्हायला एक वर्ष उरलेली बाई. जन्मभर ज्या टेबलावर मान वर करून बसली, त्यावरून उठवून तिला चिठ्ठ्या लिहायला बसवणार, आणि तेही माझ्यामुळे. बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, तारीख आणि वेळ वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि "सरि" म्हणून जागेवर जाऊन बसल्या.

त्या पाहण्याने माझी झोप उडाली. घरी नवऱ्यावर खेकसले, "भात एवढा मोकळा कशाला केलास?" त्याला बिचाऱ्याला काही कळेना. मनात हिशेब चालू होता. सांगितलं तर बढती गेली, कदाचित नोकरीसुद्धा. नाही सांगितलं तर काय? त्यांचा डोळा खरोखरच अधू झालाय, आज ना उद्या उठावंच लागणार. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवू शकतो, हे मला त्या दिवसांत समजलं. एकदा जेवताना बाईंनी माझ्या डब्यात चिंचेचा भात वाढला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा काय ठेवायचें, तें ठरलें का गे?" मी म्हटलं, "बघते." त्या म्हणाल्या, "बघ. अजून चार दिवस आहेत." मी डबा तसाच झाकून ठेवला.

पूजेचा दिवस उजाडला. पांढरं कापड, त्यावर मायक्रोमीटर, गेज, भिंगं, सगळ्यांना चंदनाचे टिळे. त्या वर्षी वेंकटेशनही दारात येऊन उभे राहिले. बाई आता परत आलेली पिन ठेवणार आणि चूक कबूल करणार, मग स्टोअरचं जाहीर करता येईल, असा त्यांचा बेत. पिन बाईंच्या मुठीत होती, ती सगळ्यांनी पाहिली होती. नव्या मुलींपासून सुरुवात झाली. एकेक जण आपला तुकडा ठेवत होती, "हा माझा" म्हणत होती. शेवटी बाई, त्यांच्या आधी मी.

मी पर्समधून ओरखडा पडलेला एक वायसर काढला. कापडापाशी नेला. आणि काय झालं कोण जाणे, पुढे हातच जाईना. वायसर परत पर्समध्ये टाकला आणि बाईंकडे वळले. "अंबुजाबाई, ती पिन मला द्या."

त्यांनी लगेच मूठ उघडली. "इतका वेळ कां लाविलास गे?" त्या म्हणाल्या, "हात घामेजला माझा."

मला रडूच फुटलं. मी मराठीत सुरू केलं, "तुम्ही नव्हता त्या दुपारी मी तुमच्या खणातून..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मला काय सांगतेस? मला ठाऊक आहे. त्यांना सांग. तमिळमध्यें सांग."

माझं तमिळ म्हणजे भाजीवाल्यापुरतं. त्यात आडपडदा घालायला, गोल गोल फिरवायला शब्दच नव्हते. जे चार शब्द येत होते तेच आले. पिन माझी. शिक्का मी मारला. अम्मा नव्हत्या. मी नीट पाहिलं नाही. मी गप्प बसले. एवढ्या मुलींसमोर, मॅनेजरसमोर, रडत, चुकीच्या व्याकरणात. आणि पुढच्या वर्षाचं? "अम्मांच्या शेजारी बसून मला नखाने तपासायला शिकायचंय."

बाईंनी पिनेला कुंकू लावलं, पण आशीर्वाद मात्र दिला नाही. मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पिन गेली ती चूक. तूं लपविलेंस ती चूक नव्हे, लबाडी. त्याला आशीर्वाद नाहीं."

मी म्हटलं, "मग तुम्ही का गप्प राहिलात? तारीख वाचली होती ना?"

"दुसऱ्याचें आपण सांगितलें तर ती चहाडी. आपलें आपण सांगितलें तर ती पूजा. पूजा तुझी होती, मी कशी करणार?" आणि मग त्या सगळ्यांकडे वळल्या. मला वाटलं, आता सुटल्या, त्यांच्या नावावरचा डाग धुतला गेला. त्यांना काही ठेवायची गरजच नव्हती. पण त्यांनी कापडावर स्वतःचा चष्मा ठेवला. खणखणीत तमिळमध्ये म्हणाल्या, "हा माझा. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरनं ऑगस्टात सांगितलं. टेबल जाईल म्हणून मी लपवलं. हिच्या गप्प बसण्याला मी लपवणं म्हणाले, मग माझंही तेच. पुढच्या वर्षी ऑपरेशन करून याच टेबलावर बसायचं आहे."

वेंकटेशन पुढे आले. भला माणूस, फक्त फाटक्या तोंडाचा. त्यांनी कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि चष्म्याच्या दांडीला लावलं. "अम्मा, ऑपरेशन कधी?" एवढंच विचारलं. स्टोअरचा विषय तिथेच मिटला. माझी बढती त्या वर्षी गेली ती गेलीच, आणि जायलाच हवी होती.

बाई दिवाळीनंतर ऑपरेशन करून परत आल्या. पहिल्या दिवशी टेबलावर बसून त्यांनी पिन उजेडात धरली, म्हणाल्या, "अय्यो, इतकी चकचकीत असते होय!" आणि डोळे मिटून नख फिरवायला लागल्या. वर्षभर मी रोज दुपारी तासभर त्यांच्या शेजारी बसले. माझं नख सारखं तुटायचं. "साताऱ्याचें नख," त्या चिडवायच्या, "भांडायला बरें, ऐकायला नव्हे." पण हळूहळू माझं नखही ऐकायला लागलं.

त्या शेवटच्या वर्षात सात नंबरच्या शिक्क्याचा एकही तुकडा परत आला नाही. आम्हाला कोण अभिमान! मी मुलींना सांगत सुटले, बघा, एकसुद्धा नाही. बाई मात्र अस्वस्थ. "एकही नाहीं? मग मी नीट शोधिलें नाहीं." पूजेच्या आधी तीन दिवस त्या गोदामात पास झालेल्या मालाची खोकी उपसत बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पिन घेऊन विजयी चेहऱ्याने बाहेर आल्या. "सांपडली! माझी!" रिटायर होणारं माणूस आपली चूक सापडली म्हणून इतकं खूश झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या पूजेला त्यांनी मला आशीर्वाद दिला, आणि पहिल्यांदाच लाडाने कण्णा, म्हणजे बाळा, म्हणाल्या. आणि मग खणातून शिक्का काढला. वेंकटेशनना आधीच विचारून ठेवलं होतं म्हणे. इंजिनिअरला शिक्का देण्याची आमच्याकडे ती पहिलीच वेळ. सात नंबर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "आतां मार. विचारून घेतलेला आहे." सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

आता त्या कोरट्टूरला मुलाकडे असतात. पण आयुधपूजेच्या दुपारी त्यांचा फोन ठरलेला. यंदाही आला. "काय ठेविलेंस?"

यंदा एक अख्खं खोकं परत आलं होतं, चिठ्ठीवर सात नंबर. नव्या धातूच्या पिना होत्या, माझ्या नखाला त्यांचा अंदाज आला नाही. सकाळी कापडासमोर उभं राहून मी ते सांगितलं, आता बऱ्या तमिळमध्ये. नव्या मॅनेजरसमोर, नव्या मुलींसमोर. लाज वाटली नाही. पुढच्या वर्षी या धातूची ओळख करून घेईन, असं म्हणाले.

"सात नंबरचें खोकें?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आणि या वेळी मारलाही मीच होता."

पलीकडून त्यांचा तो हेल काढलेला आवाज आला, "सरि, कण्णा. पुढल्या वर्षीं नवी चूक कर."